भाऊजींचे बंगले

जरा जवळ सरकून बसा बघू. फोनवर ‘काय, बरं ना?’ एवढं विचारून मोकळं व्हायची खोड लागलीय तुम्हाला. अशाने माणसं कळतात होय? आता आमचे भाऊजीच घ्या, माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. अख्ख्या रत्नागिरीत त्यांच्याइतकी घरं कोणी बांधली नसतील, आणि त्यातल्या एकातही माणूस राहू शकणार नाही. सगळी चित्रातली.

जन्मभर मिरजोळ्याला कारखान्यांच्या शेडचे नकाशे काढले, पट्टी लावून. निवृत्त झाले आणि पट्टी जी फेकली ती फेकलीच. तेव्हापासून भर समुद्रात सात मजली चिरेबंदी बंगले उभे राहतात, जिने ढगात शिरतात ते परत येत नाहीत, विहीर कौलांवर पालथी बसते. मी एकदा विचारलं, “भाऊजी, एवढ्या बंगल्यात न्हाणी कुठाय?” म्हणाले, “वहिनी, स्वप्नात कोणी आंघोळ करतं का?” म्हटलं, “म्हणजे तुमची स्वप्नं पारोशीच.” तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी नवं चित्र पुढ्यात धरलं: माडाच्या शेंड्यावर न्हाणी, आणि चढायला शिडी नाही. वाडीतल्या एकाने भोळेपणाने गोठ्याचा नकाशा मागितला, तर छपराच्या मधोमध हे मोठं भोक. “गुरांना चांदणं दिसायला हवं.” पावसाळ्यात गुरांना काय काय दिसलं, ते मालकाने वाडीभर सांगितलं.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्यानंतरचं पहिलं चित्र दाखवायला आणलं, तर भिंती पाण्यातल्या सावलीसारख्या हललेल्या. मला टोचून बोलवेना. म्हटलं, “छान झालंय हो.” भाऊजींनी चित्र गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून कुंचले बंद. दोन महिने नुसते पडवीत बसून. शेवटी मी जाऊन खडसावलं, तर म्हणाले, “वहिनी, आजवर तुम्ही माझ्या एका चित्राला धड म्हटलं नाहीत. छान म्हणालात, तेव्हाच कळलं, आटोपलं आपलं.”

खरंच की. आमच्याकडे तोंडावर कौतुक करतात ते माणूस जायला टेकला की. मी तेच चित्र उलगडायला लावलं. म्हटलं, “या भिंती बांधायला गवंडी माडी पिऊन आला होता का? आणि ही खिडकी, की किडक्या फणसाचं भोक?” भाऊजी मग म्हणाले, “तुम्हाला फणसातलंही काही कळत नाही,” आणि रंग शोधायला उठले.

आता आठवड्याला एक चित्र येतं. कंप वाढतोच आहे. भिंती इतक्या विरळ झाल्यात, की पलीकडचा समुद्र दिसतो. आणि काही काही चित्रं अशी उतरतात, की नावं ठेवायला माझ्याच तोंडात शब्द येत नाही. मी एकटी किती दिवस पुरणार? तेव्हा सवड काढून लवकर आमच्याकडे रत्नागिरीला या, आणि येताना जीभ चांगली तिखट करून या.