मोकळ्या रस्त्याचे शौकीन

'मोकळा रस्ता' हे दोन शब्द उच्चारताना माझा मेहुणा डोळे मिटतो. नाशिकला त्याचं टाइल्सचं दुकान आहे. कोपऱ्यावरून दूध आणायलाही तो स्कूटर काढतो. रविवार आला की मात्र त्याला सायकलचा असा उमाळा येतो की विचारू नका. मग शहरातल्या धुराला, हॉर्नला आणि रिक्षावाल्यांना मनसोक्त शिव्या घालून तो डोंगराकडे निघतो. या शहरात ज्या मोटारींनी वीट आणलाय त्यांतल्या दोन त्याच्याच दारात उभ्या असतात, हे त्याच्या गावीही नसतं.

मी सायकल चालवली ती उमाळ्याने नाही. नव्वदच्या दशकात माझी बदली हरसूलच्या पुढे, डोंगरावरच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली. हरसूलला मी खोली घेतली. तिथून घाटाच्या पायथ्यापर्यंत बरा रस्ता होता, पुढे वर पाड्यापर्यंत नुसता मुरूम. उतारावर मी सायकलवर असायचो आणि चढावर सायकल माझ्यावर. पावसाळ्यात चेनमध्ये चिखल बसायचा, तो काडीने उकरत शाळेत पोचायचो, आणि मुलं आधी सायकल धुवायला धावायची. हा व्यायाम आहे, याने मन ताजंतवानं होतं, असं तेव्हा कोणी मला सांगितलं असतं तर हातातला पंप मी त्याच्या डोक्यात घातला असता.

त्या मुरमाच्या चढाचा पाड्यावर एक रिवाज होता. पावसाने रस्ता धुपून जायचा, जागोजागी घळी पडायच्या. भात आणि नागली घरात आली की पाडा रस्ता भरायला निघायचा. प्रत्येक घराचा रस्त्यातला वाटा ठरलेला, त्याच्या दोन्ही टोकांना दगड पुरलेले. ज्याने त्याने आपल्या दगडापासून आपल्या दगडापर्यंत मुरूम आणून टाकायचा, पाणी मारायचं आणि धुमसाने चोपायचा. रस्ता असा गुळगुळीत झाला की दारांना काट्या लावून सगळी माणसं त्याच रस्त्याने उतरून नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे द्राक्षबागांच्या कामाला जायची, ती थेट उन्हाळ्यात परतायची. मागे उरायची म्हातारी माणसं, थोडी पोरं आणि मी.

पुढे माझ्या इकडे तिकडे बदल्या झाल्या आणि फिरून मी त्याच पाड्यावर आलो. तोवर दोन हजार साल मागे पडलं होतं आणि मेहुण्याने गिअरची सायकल घेतली होती. एकदा मला घ्यायला म्हणून तो गाडी घेऊन आला, घाटाच्या पायथ्याशी उतरला आणि वरच्या मुरमाकडे बघतच राहिला. ते थंडीचे दिवस होते. रस्ता नुकता भरलेला आणि माणूस एक नाही.

"दाजी, काय नॅचरल ट्रॅक आहे हो! आणि गाड्या नाहीत, माणसं नाहीत, काहीच नाही," तो म्हणाला.

डोंगर आपण होऊन चोपून निघतो अशी त्याची समजूत झाली. मी त्याला पुरलेले दगड दाखवले, वाटे समजावून सांगितले. त्याने "हो का?" म्हटलं आणि त्यातल्याच एका दगडावर पाय ठेवून फोटो काढून घेतला.

मग दर हिवाळ्यात त्याची टोळी यायला लागली. एक डॉक्टर, एक बिल्डर, एक सीए, आणि शिवाय कोणाचे तरी साडू. बुडाला स्पंज लावलेल्या तंग चड्ड्या, रात्रीही उतरवत नसावेत असे काळे चष्मे. सायकली मोटारींच्या टपावर बांधून पायथ्यापर्यंत आणायच्या, तिथे उतरवायच्या आणि मग वाहनमुक्त रस्त्याचा आनंद घ्यायचा. तो आनंद घेताना मागून एक मोटार केळी, पाणी आणि बदली चाक घेऊन गुरगुरत यायची. एका वर्षी पाड्याची माणसं बागेच्या कामाला लवकर गेली आणि रस्ता भरायचा राहिला, तर याचा मला फोन. "दाजी, यंदा सरफेस फार खराब आहे. जरा सांगा ना त्यांना." बायको म्हणाली, माझ्या भावाला वाकडं बोलू नका. मी वाकडं बोललो नाही, सरळ फोन ठेवला.

आता मुख्य गोष्ट. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे एका वर्षी सातवीतली एक मुलगी अशी होती की गणित घालायला मलाच भीती वाटावी, कारण फळ्यावर माझं उत्तर येण्याआधी तिचं यायचं. आठवीला हरसूलला जायला हवं होतं. तिच्या आईचा वसतिगृहाला ठाम नकार होता. थोरलीला एका वसतिगृहात ठेवलं होतं, ती तापाने फणफणली तरी घरी कोणी कळवलं नव्हतं.

"मुक्कामाला नाय धाडणार," आई म्हणाली. "रोज घरी येत आसंल तर शिकवीन. मग मी बी बागंला नाय जायची, तिचा बाप जाईल."

रोज चालत येणंजाणं जमण्यासारखं नव्हतं. हरसूलचा जीपवाला म्हणायचा, मुरमावर गाडीचे पाटे तुटतात, डांबर पडू द्या, सकाळ-संध्याकाळ वर येतो. आणि त्याच उन्हाळ्यात, इतक्या वर्षांच्या मागणीनंतर, डांबर खरोखर मंजूर झालं. रोलर आला, पायथ्याशी खडीचे ढीग पडले. मुलीची आई रोज संध्याकाळी घाटाच्या तोंडाशी जाऊन काम कुठवर आलं ते बघून यायची. काम पायथ्यापर्यंत आलं आणि थांबलं. रोलर परत गेला. का, ते कोणी सांगेना. जून उजाडला, मुलगी घरीच राहिली. पावसाळा संपल्यावर मायलेकींनी आपल्या वाट्याचा मुरूम भरला आणि दोघी बागेच्या कामाला गेल्या.

जानेवारीत मेहुणा मला आग्रहाने टोळीबरोबर घेऊन गेला. मला त्यांनी मागच्या मोटारीत, केळ्यांच्या शेजारी बसवलं. पाड्यावर एकूण एक दार बंद. एक म्हातारी उन्हात बसली होती, तिचे फोटो निघाले. डॉक्टर शाळेच्या ओट्यावर आडवा होऊन म्हणाला, "काय शांतता आहे! भाग्यवान आहेत ही माणसं."

"कुठली माणसं?" मी विचारलं. ते कोणी ऐकलं नाही.

मेहुणा माझ्या कानाशी आला. "दाजी, हा रस्ता वाचला तो माझ्यामुळे बरं का. बांधकाम खात्यातला साहेब आपला गिऱ्हाईक, त्याच्या बंगल्याला टाइल्स आपल्याच. म्हटलं, वरचा तुकडा राहू द्या की तसाच. डांबर टाकून सगळा चार्म घालवाल."

"तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" मी ओरडलो. त्याचा बाप म्हणजे माझे सासरे, हे ओरडून झाल्यावर लक्षात आलं. टोळी हसली. मला त्या क्षणी या माणसाची जी किळस आली ती आजही गेलेली नाही. दुष्टपणाने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. याने दोन शब्द टाकले होते, हौसेखातर, आणि घरी जाऊन झोपला होता.

परतताना गिरणाऱ्याच्या अलीकडे बिल्डरच्या ओळखीच्या बागेत थांबलो. टोळी वेलींखाली शिरली. पिकलेले घड शोधून खायला लागली. पलीकडच्या, उशिरा छाटलेल्या ओळीत बायका कोवळ्या घडांतले जादा मणी काढून विरळणी करत होत्या. त्यातली एक वळली. ती माझी सातवीची मुलगी होती. बोटं हिरवी झालेली, शेजारी आई.

"गुरजी! पाड्यावरनं आलात?" ती धावतच आली. "रस्ता झाला का वो?"

"झाला आसंल तर आम्ही आजच निघतो," आई मागून म्हणाली.

मेहुण्याने तोंडातली द्राक्षं गिळून गोड आवाजात उत्तर दिलं, "एक नंबर रस्ता आहे तुमचा. तसाच ठेवा."

मुलीने त्याच्या हेल्मेटकडे बघितलं. "जीप जाती का आता वर?"

"जीप कशाला? आम्ही सायकलने चढलो."

"कोन आजारी हाय का पाड्यावर?"

"नाही गं. असंच. मजा म्हणून."

"मजा म्हणून?" हे तिने मला विचारलं, त्याला नाही.

"हात चालव गं," आई म्हणाली, "मालक बघतोय." मुलगी ओळीत परत गेली. मेहुण्याने आणखी एक घड तोडला, एक मणी चाखला आणि आंबट आहे म्हणून टाकून दिला.