थोरलीचं श्राद्ध

दामूअण्णा कामावरून आले की आधी अंगणातल्या नळाशी नाक शिंकरत आणि मग रुमाल उलगडून मला दाखवत. "बघा वहिनी, आजचा कोळसा भिकार. चांगल्या कोळशाची काजळी अशी चिकट नसते."

मी तेव्हा देवपूजेची फुलं निवडत बसलेली असे. फुलांची परडी घेऊन मी तोंड फिरवून बसे. अण्णांना मात्र त्या काळ्या लोळ्याचं कोण कौतुक! सोनार कसोटीचा दगड बघतो तसा ते रुमाल उजेडात धरून बघत.

काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या घराचा गल्लीकडचा तळमजला त्यांनी भाड्याने घेतला होता. मूळचे भुसावळचे. गंगेपलीकडे मोगलसरायला वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर. लग्न केलेलं नव्हतं. पण एक बाई होती, तिला ते 'थोरली' म्हणत. मी नवी नवरी, वाईहून आलेली. ही थोरली कोण म्हणून चार महिने उगाच कान टवकारून होते. एके दिवशी धीर करून विचारलंच, तर म्हणाले, "टोकदार नाकाची आहे, नाकावर चांदणी आहे आणि वजन शंभर टनांच्या वर. धाकटी काही आली नाही, म्हणून ही नुसतीच थोरली."

इंजिनच ते!

तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! सोवळ्यात असले की सावलीलासुद्धा 'सरक' म्हणणारी. अण्णांचा हात लागला म्हणून जिन्याचा कठडा चिंच लावून घासलेला आहे मी, लाकडी कठडा. तांबं आहे की लाकूड, एवढंही सुचलं नव्हतं. ती पोरगी आज भेटली तर अण्णांच्याच कोळशाने तिला दात घासायला लावीन. अण्णा इंजिनातल्या फावड्यावर वांगी भाजून आणत आणि वर म्हणत, "वहिनी, आगीला विटाळ नसतो, चाखून बघा." मी नाक मुरडून आत जाई. आमचे हे मात्र, दहा पिढ्यांचे भिक्षुक, ओट्यावर बसून भरीत बोटाने चाटत.

"घाण दोन तऱ्हेची," अण्णा म्हणत. "एक कामाची, एक रिकामपणाची. कामाची घाण साबणाने जाते."

मग डिझेल आलं. डिझेलची अण्णांना जी किळस होती, ती मला झुरळाचीही नाही. "पेटीत बसवलेला कारकून तो! ना भूक, ना तहान, ना घाम." एक दिवस ते काळे न होता, कोरड्या तोंडाने घरी आले. थोरलीला भंगारात काढलं होतं. रात्री जेवले नाहीत. सकाळी वर येऊन यांच्यापुढे बसले. "गुरुजी, तिचं करायचंय."

"काय करायचंय?"

"दिवस."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी आत पळाले. आतून ऐकते तो आमचे हे शांतपणे सांगताहेत, "धर्मपिंड म्हणून एक असतो. ज्याला कोणी नाही त्याला देतात, मित्राला, चाकराला, गाईगुरांना, झाडालासुद्धा. लोखंडाला देऊ नये असं माझ्या वाचनात नाही."

"गोत्र?"

"ठाऊक नसलं की काश्यप."

पंचगंगा घाटावर विधी झाला. अण्णांनी डोकं भादरून घेतलं होतं. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. अण्णा हात जोडून सांगू लागले, "थोरले, डिझेलवर मन लावणार नाही." कावळा ढिम्म. "दुसरीला थोरली म्हणणार नाही." कावळ्याने मान फिरवली. ऊन चढलं, यांना भूक लागली, शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववला. घरी आल्यावर मी ह्यांच्या अंगरख्यावरही गंगाजळ शिंपडलं. इंजिनाचं सुतक असतं की नसतं, कोण जाणे!

अण्णा निवृत्त झाले तरी भुसावळला गेले नाहीत. "काशी सोडून मरायला जाऊ? वेडा आहे का मी?" म्हणत. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यांनी मरण्याची वाट बघत अतिशय उत्तम जेवून काढली. माझं सोवळं हळूहळू विरलं. गुडघे गेले की शिवाशीव आपोआप जाते. अण्णांचं ताट मीच वाढू लागले.

परवापरवाची गोष्ट. माझी नात रेवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला शहराबाहेर हायवेवरच्या कुठल्याशा हॉटेलात गेली होती. आली ती मोबाइल नाचवत. "आजी, देखो ना, काय भारी जागा आहे! पुरानी ट्रेन के डिब्बे में रेस्टॉरंट, आणि पुढे असली इंजिन!"

अण्णांनी मोबाइल मागून घेतला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण चष्मा कपाळावर सारून त्यांनी इंजिनावरचा नंबर वाचला. पुन्हा वाचला. आणि मोबाइल माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

"गुरुजी," त्यांनी वर हाक मारली, "ती जिवंत आहे."

भंगारवाल्याने तोडलीच नव्हती, कुठेतरी पडून होती, मग हॉटेलवाल्याने उचलली. रेवाला यात आनंदच वाटला. अण्णांचा चेहरा मात्र राखेसारखा. जिवंत बाईला पिंड दिला होता त्यांनी! आमच्या ह्यांनीही डोक्याला हात लावला. म्हणाले, "कावळ्याला कळलं होतं, आपल्याला नाही." मग शास्त्र सांगितलं. मेला समजून ज्याचे दिवस केले तो परत आला, तर त्याला तुपाच्या घागरीत घालून पुन्हा जन्माला आणायचा, जातकर्म करायचं, नाव ठेवायचं.

"ती मावेल एवढी घागर?" मी म्हटलं.

"हाताने तूप चोळलं तरी चालेल. पण केलं पाहिजे. नाहीतर जिवंताचं श्राद्ध केल्याचं पाप राहतं."

अण्णा मला म्हणाले, "वहिनी, मी इथे मरायला राहिलोय. हे घेऊन कसा मरू?"

मी घरचं साजूक तूप डब्यात भरून दिलं. ह्यांचे पाय चालत नाहीत, म्हणून अण्णा, मी आणि रेवा. मैदागिनपर्यंत गल्लीगल्लीने पायी, तिथून ई-रिक्शा.

आणि मग मी थोरलीला पहिल्यांदा पाहिलं.

पोपटी रंग फासला होता तिला. त्या टोकदार नाकाच्या दोन बाजूंना पापण्यांसकट दोन डोळे, खाली लाल ओठ. धुराड्यातून प्लॅस्टिकची फुलं. आत कुठेतरी भोंगा लावलेला, तो दर दोन मिनिटांनी 'कूऽऽ' करून लगेच एक सिनेमाचं गाणं म्हणे. मागच्या डब्यातून तळलेल्या नूडल्सचा आणि शिळ्या तेलाचा भपकारा. टाय लावलेला एक पोरगा धावत आला. "दादाजी, पहले हाथ धो लीजिए. हॅण्डवॉश इंजिन के अंदर है, एकदम युनिक!"

आम्ही दोघींनी धरून अण्णांना वर चढवलं. जिथे उभं राहून त्यांनी उभा जन्म कोळसा सारला, तिथे स्टीलचं बेसिन बसवलं होतं. त्याची नळी सोडली होती थेट इंजिनाच्या भट्टीच्या तोंडात. भट्टीचं दार उघडंच. आत भात, शेवया, टूथपिक, ओले कागद, आणि या सगळ्यावर पानाच्या पिचकाऱ्या, ताज्या, जुन्या, वाळून काळ्या पडलेल्या. वास असा की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. एक गृहस्थ खाकरून खाकरून चूळ भरत होते. भरली आणि नेम धरून भट्टीत टाकली. मागे वळून अण्णांना म्हणाले, "बाबा, लाइन में आवा."

अण्णा रुमाल नाकाला लावून उभे होते. जन्मभर काळं नाक घेऊन फिरलेला माणूस!

"अण्णा, लावा तूप," मी म्हटलं.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. एका दांड्याकडे बोट नेलं. दांडा सोनेरी रंगवला होता. बोट तसंच मागे घेतलं आणि झाकण लावलं.

"ही ती नाही," म्हणाले. "चला."

रिक्शात रेवा गप्प बसेना. "लेकिन अण्णा, नंबर तो वही है!"

"असेल."

मैदागिनला उतरून गल्लीत शिरल्यावर मला सावकाश म्हणाले, "वहिनी, तूप लावलं की ती जिवंत. जिवंत झाली की त्या चुळा तिच्या तोंडात पडल्या. मेलेलीच असू दे."

"आणि तुमचं पाप?"

"एवढा कोळसा पोटात गेला, त्यात आणखी एक खडा." मग डबा माझ्या हाती दिला. "भातावर घ्या. चांगलं तूप आहे."

त्याच थंडीत ते अंथरुणाला खिळले. जवळ आलं हे दिसत होतं. आमच्या ह्यांना दोघांनी उचलून खाली आणलं. ह्यांनी पळीभर पाणी घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, हात पुढे करा. जाणता-अजाणता जे काही घडलं असेल त्याचं प्रायश्चित्त. संकल्प मी सांगतो, तुम्ही नुसतं पाणी सोडा."

"अजाणता घडलेलं सगळं घ्या," अण्णा म्हणाले. "जाणता एक आहे. ते वगळा."

"वगळता येत नाही हो असं."

"मग सगळंच राहू द्या."

"अहो, हट्ट काय हा? कशासाठी काशीत राहिलात इतकी वर्षं?" ह्यांचा आवाज चढला. पन्नास वर्षांत मी तो असा ऐकला नव्हता.

अण्णांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "गुरुजी, पाणी सोडलं म्हणजे ती जिवंत होती असं मी कबूल केलं. ते नाही करायचं मला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच 'राहू द्या' म्हटलं. पळी पुढे धरलेली होती ती तशीच धरून हे बसले. अण्णांनी आपले दोन्ही हात पांघरुणात घेतले आणि शेवटपर्यंत बाहेर काढले नाहीत.