वहिनींनी पास केल्याशिवाय

कशावरही चटकन विश्वास न ठेवणारं माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच, आणि ते आमच्या घरात नांदायला आलं, हे मी कुठल्याही पारावर छाती पुढं काढून सांगायला तयार आहे. ते माणूस म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी. आमच्या महाळुंगे पडवळमध्ये कुणाची सून शिक्षिका आहे, कुणाची नर्स आहे. आमच्या वहिनी सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. म्हणजे नक्की काय करतात, असं गावात कुणी विचारलं की माझी आई सांगते, "पोरं कंपूटरवर कायतरी बनवत्यात, आन् ही ते मोडून दाखवती. त्याचा पगार मिळतो." सुरुवातीला हे सांगताना आईचा आवाज थोडा खाली यायचा. आता तो चांगला दोन घरं पलीकडं ऐकू जातो. व्याख्या मात्र तीच आहे, आणि ती बदलण्यासारखी नाहीही.

हा स्वभाव नोकरीमुळं आलेला नाही, तो नोकरीच्या आधीपासूनचा. दादा त्यांना पाहायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. त्यांचं माहेर घोडेगावच्या पुढं, डोंगरात. भाताची खाचरं, वर हिरड्याची झाडं आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. पोहे आले. आम्हा सगळ्यांचे चांगले होते. दादाच्या ताटलीत मात्र मूठभर मीठ होतं. दादा एक घास खाऊन थांबला, समोर बघितलं, आणि सगळे पोहे शांतपणे संपवून त्यानं पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. पोहे कसे झालेत, असं त्यांच्या वडिलांनी विचारलं, तर म्हणाला, "पोहे झ्याक, पण तुमच्याकडचं पाणी लई गोड हाय." लग्न तिथंच ठरलं. पुढं कधीतरी मी वहिनींना हे विचारलं तेव्हा त्यांनी जराही न लाजता सांगितलं, "सगळं नीट असताना सगळीच माणसं नीट वागत्यात, भाऊजी. बिघडल्यावर कसं वागतो ते बघायला नको व्हय?" नंतर कंपनीत मी टेस्टिंगवरची बरीच प्रेझेंटेशनं बघितली, सगळ्यांचा अर्थ या दोन वाक्यांत मावतो.

घरात नवीन कुकर आला की वहिनी आधी तो रिकामा लावून शिट्टी ऐकतात, मग झाकण उलटं बसवून बघतात, मग आईला म्हणतात, आता तुम्ही घाईत लावा. गावातल्या नव्या मंगल कार्यालयात लग्नाला गेलो की त्या अक्षता हातात घेण्याआधी मागचं दार उघडतंय का ते बघून येतात. एकदा ते उघडलं नाही, म्हणून मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी कार्यालयाच्या मालकाला शोधून किल्ली आणवली, आणि नवरी कुणाची, नवरा कुणाचा हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. चतुर्थीला आम्ही ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला जातो. सगळे काही ना काही मागतात, वहिनी गाभाऱ्यासमोर डोळे उघडे ठेवून उभ्या राहतात. "त्यो विघ्न हरतोच," त्या म्हणाल्या, "पण विघ्न कुठंय ते आधी कुणीतरी दाखवाय नको का त्याला?" आईनं कपाळाला हात लावला, पण परत येताना गाडीत हेच वाक्य तिनं मामाला फोन करून ऐकवलं.

योगायोग असा, की पुण्याच्या ज्या कंपनीत मी प्रोग्रॅम लिहितो, तिथंच आणि त्याच टीममध्ये वहिनी लागल्या. घरून काम करायची पद्धत आल्यापासून आम्ही दोघंही गावातूनच बसतो; मी माडीवर, त्या कांद्याच्या चाळीशेजारच्या खोलीत. आमच्याकडं काम पंधरवड्याच्या तुकड्यांत चालतं. पंधरवड्यात ठरलेलं बनवायचं, तपासायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि पुढचं धरायचं. रोज सकाळी व्हिडिओवर थोडक्यात कोण काय करतंय ते सांगायचं. पहिल्याच सकाळी वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, की भाऊजींनी केलेलं बटण घाईघाईनं दाबलं तर एकाच माणसाची नोंद दोनदा होते. आमचे मॅनेजर हैदराबादचे. त्यांना मराठी येत नाही. त्यांना वाटलं, भाऊजी हे माझं नाव. त्या दिवसापासून बेंगळुरूपासून नोएडापर्यंत सगळी टीम मला 'भाऊजी सर' म्हणते, आणि दिल्लीच्या एका मुलीनं तर मला राखीच्या शुभेच्छा देतानाही भाऊजी म्हटलं. नात्याचा असा गोंधळ कंपनीच्या इतिहासात झाला नसेल.

वहिनींच्या तपासणीला मर्यादा नव्हती. वयाच्या रकान्यात सगळे आकडे टाकतात. वहिनींनी 'लई' असं लिहिलं आणि अख्खं ॲप आडवं झालं. मी म्हणालो, असं कोण लिहितं? त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला वय विचारून बघा. घरातला जुना, काच तडकलेला फोन आईचा होता. तो त्यांनी कामासाठी ताब्यात घेतला आणि त्यात इतकी ॲपं भरली, की आईला मामाचा नंबर लावायचा तरी वहिनींना विचारावं लागे. नव्या फोनवर चालणं म्हणजे चालणं नव्हे, असं त्यांचं मत होतं.

मग ते रुग्णवाहिकेचं काम आलं. एका सेवाभावी संस्थेला डोंगरातल्या गावांसाठी ॲप हवं होतं. दुखणंखुपणं, साप, बाळंतपण, काहीही असो. गावातल्या माणसानं फोनवर 'गाडी हवी' हे बटण दाबायचं आणि जवळची रुग्णवाहिका निघायची. बटण दाबलं की मोठी हिरवी खूण यायची आणि खाली 'विनंती पोहोचली' असं लिहून यायचं. संस्थेच्या अध्यक्षांना ती खूण फार आवडली. टीमनं जीव ओतून काम केलं. घोडेगावात उद्घाटनाचा कार्यक्रम ठरला, पत्रिका छापल्या, हॉल घेतला. शेवटचा पंधरवडा होता. तपासणीच्या यादीत सगळं हिरवं दिसत होतं. फक्त वहिनींनी पास म्हणायचं बाकी होतं, आणि त्या सकाळी त्या घरात नव्हत्या. आईचा तो तडकलेला फोन घेऊन त्या पहिल्या यष्टीनं घोडेगावला आणि तिथून डोंगराच्या यष्टीनं माहेरी गेल्या होत्या.

मला त्यांनी फक्त एवढं सांगितलं होतं, की विनंत्या जिथं दिसतात तो पडदा उघडा ठेवून बसा. मी बसलो. सकाळ गेली, दुपार गेली, पडद्यावर काही आलं नाही. मला वाटलं, माहेरी गेल्यावर गप्पांत रमल्या असतील. दिवस कलताना एकदम विनंती आली, आणि पाठोपाठ वहिनींचा फोन. त्या घोडेगावच्या स्टँडवर उतरल्या होत्या.

"आत्ता आली ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"आमच्या आईनं ती सकाळी पाठवलीय."

झालं होतं ते असं. त्यांच्या गावात फोनला रेंज येते आणि जाते. त्यांच्या आईनं अंगणात उभं राहून बटण दाबलं, तेव्हा रेंज नव्हती. ॲपनं विनंती फोनमध्येच ठेवून दिली आणि तरीही हिरवी खूण दाखवली. यष्टी खाली उतरल्यावर, रेंज आल्यावर, ती विनंती निघाली. पुण्यात, आमच्या वायफायवर, हे कधीच घडलं नव्हतं, म्हणून कुणाला दिसलंही नव्हतं.

दुसऱ्या सकाळी वहिनींनी टीमला हे सांगितलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हेत, पण त्यांच्या मानेवर तारीख बसली होती. त्यांनी समजावलं, की हे क्वचित घडेल, याला आपण एज केस म्हणतो, आत्ता कार्यक्रम होऊन जाऊ दे, पुढच्या पंधरवड्यात दुरुस्त करू. वहिनी एरवी मीटिंगमध्ये व्यवस्थित इंग्रजी बोलतात. त्या दिवशी त्या मराठीत बोलल्या आणि मला म्हणाल्या, सरांना सांगा.

"खूण आलीच नसती तर आमची आई पळत शेजारी गेली असती, कुणाला तरी उठवलं असतं. खूण बघून ती फोन ठेवून आत गेली. म्हणाली, निघाली बघ गाडी. एज म्हणजे कडच ना? त्या कडेला माझं माहेर हाय."

मी भाषांतर केलं. कसं केलं ते आठवत नाही. मग मॅनेजरांनी विचारलं, की तुमच्या होकाराशिवाय रिलीज केलं तर? वहिनी शांतपणे म्हणाल्या, की तो अधिकार तुमचा आहे, मी पास केलंय असं मात्र कुठं लिहू नका.

त्या माणसाचं मोठेपण असं, की तो चिडून गप्प बसला नाही. शनिवारी तो पुण्याहून स्वतः आला, लखलखीत बूट घालून, भाड्याच्या गाडीनं. वहिनींनी ती गाडी घोडेगावातच उभी करायला लावली. "यष्टीनं जायचं," त्या म्हणाल्या, "तिकडची माणसं यष्टीनंच जात्यात." दारातली जागा धरून, कुणाची तरी कोंबडी मांडीशी घेऊन आमचे मॅनेजर डोंगर चढले. वहिनींच्या आईनं नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांनी तो हैदराबादी सराईतपणे खाल्ला आणि आणखी मागून घेतला, त्यामुळं त्या घरात त्यांचं वजन एकदम वाढलं. मग अंगणात येऊन त्यांनी स्वतःच्या महागड्या फोनवर बटण दाबलं. हिरवी खूण आली. विनंत्यांचा पडदा बघणारा मी इथंच होतो, म्हणून विनंती आली का ते विचारायला त्यांनी पुण्याला टीममधल्या दुसऱ्या मुलाला फोन लावायचा प्रयत्न केला. लागेना. खाचराच्या बांधावर चढून, आरती ओवाळल्यासारखा फोन वर धरून ते इकडून तिकडं फिरले. खाली वहिनींची आई उभी होती. तिनं लेकीला विचारलं, "पावण्यांची गाडी निघाली का मग?"

मॅनेजरांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते बांधावरून उतरले आणि आम्ही परतीची यष्टी धरली. घोडेगावच्या स्टँडवर त्यांच्या फोनला रेंज आली, विनंती गेली, आणि तिथंच, रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात, त्यांनी अध्यक्षांना फोन लावून रिलीज थांबवल्याचं सांगितलं. अध्यक्ष पुष्कळ बोलले. मॅनेजर ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, की आमच्या टेस्टर नाही म्हणाल्या आहेत. मी जवळच उभा होतो. एखाद्या देवस्थानाचा कौल सांगावा तसं ते वाक्य त्यांनी सांगितलं.

उद्घाटनाचा कार्यक्रम मात्र झाला. हॉल घेतलेला होता, नारळ आणलेले होते. ॲपशिवायही सगळे सत्कार व्यवस्थित होऊ शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पुढचा पंधरवडा आम्ही सगळ्यांनी तेवढ्या एका खुणेवर घालवला. विनंती खरोखर पोहोचल्याशिवाय हिरवा रंग दिसायचा नाही, रेंज नसेल तर साध्या मेसेजनं पाठवायचा प्रयत्न करायचा, तोही गेला नाही तर तसं स्पष्ट सांगायचं. माझ्या एका मित्रानं तिथं लिहिलं, 'नेटवर्क अनुपलब्ध'. वहिनींनी ते परत पाठवलं. किती तरी वाक्यं परत गेली. शेवटी लाल रंगात जे राहिलं ते त्यांच्या आईला वाचायला देऊन राहिलं: 'अजून गेली नाही. उंचावर जा. कुणाला तरी हाक मारा.' त्यानंतर वहिनी पुन्हा यष्टीनं गेल्या, संध्याकाळी परतल्या, हातपाय धुतले आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "चालंल." आमच्या टीमला त्याहून मोठं प्रशस्तिपत्र आजवर मिळालेलं नाही. आईनं गल्लीत पेढे वाटले, कशाचे, असं विचारलं तर म्हणाली, "सुनंनं मोडायचं बंद केलं."

भाताची लावणी संपली असेल नसेल, तेव्हा वरच्या एका वाडीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंचा वहिनींना फोन आला. एक बाई अडली होती. आशाताईंनी बटण दाबलं, लाल अक्षरं आली. ती वाचून त्यांनी बाईच्या दिराला हाक मारली, फोन त्याच्या हातात दिला आणि त्याला टेकाडावर पळवलं. तिथं खूण हिरवी झाली. गाडी रस्ता संपतो त्या वळणापर्यंत आली, तिथवर बाईला डोलीतून नेलं. वहिनी फोन कानाला लावून ऐकत होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, की लाल अक्षरं नीट वाचता आली का, पावसात फोन ओला असताना बटण दाबलं गेलं का. सगळी उत्तरं मिळाल्यावर जराशा थांबून, वेगळ्याच आवाजात विचारलं, "आन् बाळ?"

मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. वहिनींनी फोन ठेवला आणि चाळीशेजारच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आई आत जायला निघाली, तिला दादानं थांबवलं.

आता वहिनी पुण्यात असतात. कंपनीनं त्यांना मोठी जबाबदारी दिली, त्यांच्या हाताखाली बरेच टेस्टर आहेत, आणि ती सगळी पोरं म्हणे बाहेर कुठं जेवायला गेली तरी मागचं दार बघून येतात. दादाही तिकडंच गेला. त्या आता दुसऱ्या टीमला, त्यामुळं माझं काम हल्ली कुणीतरी सभ्य माणूस तपासतो आणि बहुतेक पहिल्या झटक्यात पास करतो. लोक अभिनंदन करतात. मला ते गोड लागत नाही.

परवा घोडेगावहून येताना यष्टीच्या खिडकीशी बसलो होतो. समोरून रुग्णवाहिका आली आणि डोंगराच्या रस्त्याला लागली. गाडीत कुणी मान वर करून बघितलंही नाही. ती जाते हे आता लोकांना सवयीचं झालंय. शेजारच्या पावण्यांना सांगावं असं फार वाटलं, की ही गाडी निघाली ना, ती खरीच निघालीय, आणि त्यामागं आमच्या घरातलं एक माणूस आहे. ओठापर्यंत आलंही. पण ते डोळे मिटून बसले होते, आणि मी सांगितलेलं पास करायला वहिनी तिथं नव्हत्या. मी मान वळवून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.