बारावा डबा

डब्यांच्या बाई गेल्या उन्हाळ्यात, शाळेच्या शेवटच्या दिवशी निवृत्त झाल्या. अंबडच्या कारखान्यांमागच्या त्या शाळेत जाताना त्यांनी आपलं शिकवण्याचं सामान जमा केलं. नोंदवहीत 'पत्र्याचे डबे, जुने, अकरा' अशी ओळ आहे. डबे बारा होते.

वर्तमानपत्रात येण्याआधी एक वर्ष मी त्यांच्या शेजारचा वर्ग शिकवत होते. तेव्हा डबे अकराच होते. बिस्किटांचे, तुपाचे, एक रंगाचा. आत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द. पहिल्या डब्यात घर, नळ, मगर असे बिनकान्याचे शब्द. दुसऱ्यात कान्याचे, मग वेलांटीचे, उकाराचे. शेवटचे काही डबे अर्थाप्रमाणे लावलेले. स्वयंपाकघराचा एक, अंगाच्या अवयवांचा एक, कंपनीचा एक. कंपनीच्या डब्यातले पाना, गेट, पाळी, हातमोजा हे शब्द मुलांनीच घरून आणलेले. "शब्द एकटा राहिला की हरवतो," बाई म्हणत. "त्याला भाऊबंद द्या."

भिंतीवरचा 'क कमळाचा' तक्ता त्यांनी काढून ठेवला होता. एका मुलाने चित्र पाहून "क फुलाचा" असं वाचलं, त्याच दिवशी. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "त्याने फूल पाहिलं, फूल म्हणाला. कमळ कुठे पाहिलंय त्याने? नासर्डी नदीत?" त्यानंतर वर्गात चित्रं नव्हती, आवाज होते. ब आणि भ यांतला फरक मुलं तळहात तोंडासमोर धरून ओळखत. वारा लागला तर भ.

त्यांचा नियम एकच होता. "डोळ्यांना दिसतं तेवढंच तोंडाने म्हणायचं. पदरचं घालायचं नाही." पदरचं घातलं की चिठ्ठी परत डब्यात जाई.

तिसरीत छाया होती. सटाण्याकडची, घरी तिकडचीच बोली बोलणारी, वर्षभरापूर्वी अंबडला आलेली. वडील एका कारखान्यात यंत्रावर होते. मार्चमध्ये वाचन तपासणीचं पत्र आलं आणि ते शाळेत येऊन बाईंना म्हणाले, "पोरले वाचता उनं नही ते गावले धाडी दिसू. माय एकटी शे तठे." वाचता आलं नाही तर छाया आजीकडे जाणार, हे ठरलं होतं. गावी गेल्यावर शाळेचं काय, हे बाईंनी विचारलं. ते पाळीवर निघून गेले.

तपासणी एका मंगळवारी झाली. नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. छायाचे वडील अर्धी पाळी सोडून आले होते आणि व्हरांड्यात खिडकीला टेकून उभे होते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी छायाला कार्ड दिलं. त्यावर चार वाक्यं होती. पहिलं वाक्य होतं, 'विहिरीत पाणी आहे.'

छायाने वाचलं, "विहिरीत पाणी शे."

"नीट बघून वाच," अधिकारी म्हणाले.

तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं. "विहिरीत पाणी शे."

"अंदाजाने बोलते आहे, मॅडम. अक्षरओळख नाही." त्यांनी पेन उघडलं. व्हरांड्यातले वडील खिडकीपासून दूर झाले.

बाई उठल्या. "सर, एक मिनिट. छाया, शेवटचा शब्द फोड."

"आ. हे."

"मग तू काय म्हणालीस?"

"शे."

"का?"

छायाने बाईंकडे पाहिलं. प्रश्नच तिला कळला नव्हता. "आहे म्हणजे शेच ना, बाई."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. अधिकारी म्हणाले, "चूक ती चूक."

"चूकच आहे," बाई म्हणाल्या. "लिहा. पण अक्षरओळख नाही, असं लिहू नका. तिने अर्थ वाचला. तुम्ही एक शब्द लिहा, सर. माझ्या डब्यात नसलेला. कुठेच नसलेला लिहा."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मग चिठ्ठी फाडून काहीतरी लिहिलं आणि छायापुढे सरकवलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढचं त्यांनी पाहिलं नाही, ऐकलं.

छायाने तळहात तोंडासमोर धरला. ओठ मिटले, उघडले. एकदा हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. "भु," ती म्हणाली. मग बोट सरकलं. "टे. ली." आणि सगळं एकदम, "भुटेली."

अधिकाऱ्यांनी वाकून चिठ्ठी पुन्हा पाहिली.

"बाई, भुटेली म्हणजे काय?"

"काही नाही. सरांनी मनाने केलाय."

"मग कोणत्या डब्यात टाकू?"

बाईंनी आपला जेवणाचा डबा पिशवीतून काढला, त्यातली पोळीभाजी झाकणात काढून ठेवली आणि डबा पुसून तिच्यापुढे धरला. अधिकाऱ्यांनी तक्त्यात छायाच्या नावापुढे 'वाचते' असं लिहिलं. कंसात 'एक चूक' असंही. वडील तोवर फाटकापर्यंत गेले होते. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं.

छाया गावी गेली नाही. ती आता आठवीत आहे. बाराव्या डब्याबद्दल मी तिला गेल्या आठवड्यात विचारलं. तो तिच्या घरी, अंबडलाच, टीव्हीशेजारी आहे. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी स्वतः आणून दिला. आत दोन चिठ्ठ्या आहेत. एक अधिकाऱ्यांच्या अक्षरातली, 'भुटेली'. दुसरी बाईंच्या अक्षरातली, 'शे'.