काकूंच्या नावावरची शुगर

लग्नाच्या पंगतीत नाना जिलेबी मागून घेत. "वाढा, वाढा. आपल्याला काय झालंय?" असं आजूबाजूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत, आणि वाढपी पुढे सरकला की ती जिलेबी गुपचूप माझ्या ताटात येई. गारखेड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नानांना शुगर आहे, हे काकूंखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

गंगापूरच्या एका शाळेत नानांनी जन्मभर कारकुनी केली होती. "कागदावर नाय, ते नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्तीनंतर आरोग्य विम्याची पॉलिसी घ्यायची, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. जुना आजार असला की त्याच्या खर्चासाठी कंपनी काही वर्षं थांबायला लावते, असं कुणीतरी सांगितलं आणि नानांनी डोकं चालवलं. रक्त घ्यायला माणूस घरी आला की हात पुढे करायचा नानांनी आणि नाव सांगायचं काकूंचं. तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडेही काकूच जात. पायाला मुंग्या येतात, तोंड कोरडं पडतं, अशी नवऱ्याची दुखणी आपली म्हणून सांगत आणि त्याच्या गोळ्या लिहून आणत. पुढे पॉलिसी दोघांची निघाली. फॉर्मवर दोघंही ठणठणीत.

काकूंच्या नावाला आजार चिकटतोय, हे मी एकदा बोलून दाखवलं. नाना हसले. "तिला काय होतंय? कधी साधी सर्दी नाय झाली तिला." मीही हसलो आणि विषय सोडून दिला.

पॉलिसीच्या तिसऱ्या वर्षी काकू स्वयंपाकघरात पोट धरून खाली बसल्या. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. गाडी माझी, म्हणून मी बरोबर होतो. काकूंच्या नावाची जुनी फाइल बघून कंपनीने पैसे नाकारले. शुगर लपवली म्हणून. ती आधीच लिहिली असती तर शुगरच्या खर्चापुरतं थांबावं लागलं असतं, या ऑपरेशनला अडचण नव्हती, असं दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं.

नानांनी खिडकीतून हात आत घातला. "ही शुगर माझी हाय, बाई. तिची नाय. माझं रक्त बघा."

"पण कागदावर काकूंचं नाव आहे," त्या म्हणाल्या. नानांनी हात मागे घेतला. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

काकूंच्या पाटल्या मोडून ऑपरेशन झालं. बऱ्या झाल्यावर नाना त्यांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. डॉक्टर रागावले, मग काकूंना विचारलं, की दर महिन्याला येत होतात, तर पोटाचं कधी बोलला का नाहीत?

काकू सहज म्हणाल्या, "कवापासून दुखत व्हतं की. पण इथं यांचंच सांगायचं असायचं. त्यात माझं राहूनच जायचं."

नानांनी मान खाली घातली, ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

नाना गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत दवाखान्यात स्वतःच्या नावाने जात, पण काकूंना सोबत घेऊनच. डॉक्टरांनी तब्येत विचारली की म्हणत, "आधी हिचं इचारा." काकूंना बहुतेक वेळा सांगण्यासारखं काहीच नसायचं. त्या तसं म्हणेपर्यंत नाना थांबून राहायचे.