दुपंखी विमानाच्या तारा

एके सकाळी आप्पा बशी उचलायला गेले आणि उजवा हात उठला नाही. दवाखान्यातून त्यांना घरी आणले. त्यानंतर शाहूपुरीतल्या आमच्या माडीवरून ते परत खाली उतरले नाहीत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या एका फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न करत. त्या पॅटर्नवरून वाळूत साचा उठवायचा आणि साच्यात लोखंड ओतायचे. उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून त्यांनी घरी एक जुन्या पद्धतीचे विमान केले होते, एकावर एक दोन पंखांचे. पंखांना ताणून धरणाऱ्या तारा तेवढ्या राहिल्या होत्या. त्यासाठी मिरजेहून सतारीची तार आणून ठेवली होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मला पुण्यातल्या एका ग्रंथालयात नोकरी लागली होती. "तेवढ्या तारा लावून जा," आप्पा म्हणाले. जीभ जड झाली होती, पण बोलणे कळे. मी ग्रंथालयाकडून थोडी मुदत मागून घेतली.

आप्पांनी काढलेल्या विमानाच्या नकाशावर प्रत्येक तारेची लांबी होती. आप्पांच्या खणातल्या पोलादी पट्टीने मोजून मी सगळ्या तारा कापल्या, टोकांना आकडे वळवले आणि पंखांवरच्या पितळी कड्यांत चिमट्याने अडकवल्या. एकूण एक तार लोंबू लागली.

आप्पा बघत राहिले आणि मग हसू लागले. आजारपणात पहिल्यांदाच.

"आगं, ती पॅटर्नची पट्टी हाय. लोखंड थंड झालं की आकसतंय, म्हणून तिच्यावरचा सेंटीमीटरच मोठा असतोय. तुझं इमान काय भट्टीतनं निघालंय व्हय?"

मग शाळेतली साधी पट्टी शोधून मी पुन्हा सुरुवात केली. एक तार ताणली की समोरची सैल पडे. तिला ताणावे तर पंखच पिळवटे. प्रत्येक तार आप्पा डाव्या हाताच्या बोटाने छेडत आणि कान देत. "बद्द वाजतीया. काढ."

खालून रिक्षांचे, दुकानांची शटर उघडल्याचे आवाज येत. जिना उतरून नुसते कोपऱ्यापर्यंत जावे असे वाटे. पण हातातली तार सोडली असती तर आधी लावलेल्याही ढिल्या पडल्या असत्या, म्हणून मी बसून राही.

पुढे पुढे नीट वाजणारी तारही ते काढायला लावू लागले.

"आता हिला काय झालं, आप्पा?"

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तिला काय व्हायचंय? पुरं झालं की तू जाणार. एवढी पुस्तकं वाचलीस आणि एवढं कळंना व्हय तुला?"

"तू तुझं तांदूळ निवड की," आप्पा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

मी ती तार काढली. पुन्हा लावली.

मुदत संपली तेव्हा एकच तार उरली होती. ती लाव असे त्यांनी म्हटले नाही, मीही विषय काढला नाही. पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली. मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. दिवाळीनंतर आप्पा गेले. काही वर्षांनी आईही गेली.

विमान कपाटावर आहे. एका बाजूची दोन कडी मोकळी आहेत. मी त्याच माडीवर राहते.