लेकीनं केलेली बिअर

फोटो मीच टाकला होता. कुणी चोरून काढला नव्हता की फसवून फिरवला नव्हता. पुण्यातल्या एका ब्रुअरीत उंच स्टुलावर बसलेली मी, डोक्यावर पदर, हातात बिअरचा ग्लास, शेजारी माझी लेक. खाली मी लिहिलं, 'लेकीनं केलेली बिअर. छान झाली आहे.' आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवून दिला. आमची एस.टी. बीडला पोचायच्या आत तो फोटो अख्ख्या भावकीत फिरून आला होता.

हे एवढं का पेटलं ते कळायला मी कोण हे सांगायला हवं. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिक्षिकेची नोकरी केली. निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलेलं, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. आणि गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यांच्या पुढे मी होते. दुकान ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी, असं मतदान झालं होतं. आडव्या बाटलीसाठी मी दारोदार फिरले. दुकान बंद झालं. त्या बाईच्या हातात आता बिअरचा ग्लास, तोही उभा. लोकांना बोलायला आयतं मिळालं.

लेक आमची एकुलती. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाली आणि जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत लागली. मळीपासून स्पिरिट निघायचं, ते ती दिवसभर तपासायची. घरी आली की तिच्या ओढणीला वास यायचा. तेव्हा गाव म्हणायचं, बाईची पोरगी केमिस्ट हाय. लग्नाची स्थळं दारात यायची. मग तिनं ती नोकरी सोडली आणि पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत गेली. तिथं जागेवरच थोडी थोडी बिअर तयार करतात आणि तिथंच विकतात. काम तेच, आंबवायचं आणि तपासायचं. पण गावात शब्द बदलला. आता ती दारू गाळती.

मला हा शब्द लागला. तिला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तू येऊन बघ तरी. मग कुणाला काय सांगायचं ते सांग."

म्हणून आम्ही दोघं गेलो. माझा नवरा शेतकरी, गळ्यात माळ, चहाखेरीज कुठलं व्यसन नाही. हे म्हणाले, "मी पिणार न्हाई. पण पोरगी कुठं काम करती ते बघंल."

बघितल्यावर आधी हेच रमले. मला वाटलं होतं अंधार असेल, लाल दिवे असतील. प्रत्यक्षात दूध डेअरीसारख्या चकचकीत स्टीलच्या टाक्या, ओली फरशी आणि गमबूट घातलेली माझी लेक. तिनं आमच्या तळहातावर माल्ट ठेवलं. जवाला मोड आणून वाळवलेलं. मी चावून बघितलं तर तिच्या लहानपणी मी नाचणीचं सत्त्व करायची त्याची आठवण झाली. मग बिअरला कडूपणा देणारे हॉप्स दाखवले. हिरव्या कांड्या, थेट आमच्या जनावरांच्या पेंडेसारख्या. ह्यांनी एक उचलून बोटांत चुरली, हुंगली आणि विचारलं, "माल्टच्या चोथ्याचं काय करता?"

"गोठेवाले घेऊन जातात," लेक म्हणाली. ह्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

मग तिनं मला बसवलं आणि लाकडी फळीवर चार बुटके ग्लास आणून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी बिअर तोंडाला लावणार होते. पहिल्या ग्लासात गव्हाची बिअर होती, तिला पिकल्या केळाचा वास. दुसरी कडू, किराईताच्या काढ्यासारखी, ती मी घोटभर घेऊन बाजूला सारली. तिसरी काळी, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा चावावा तशी. चौथीबद्दल तिनं आधी काही सांगितलं नाही. किंचित आंबट, हलकी. घोट घेतला आणि मला उन्हाळ्यातली आंबील आठवली.

"ज्वारी हाय का यात?" मी विचारलं.

"आपल्या वावरातली," ती म्हणाली. "बाबांनी दिवाळीत पोतं दिलं होतं ना, मी म्हणाले भाकरीला. त्यातली अर्धी इथं आली."

ह्यांनी तो ग्लास माझ्या हातातून घेतला. प्याले नाहीत. नाकाशी धरून बराच वेळ हुंगला आणि परत दिला. "आपलीच हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेकीनं सुट्टी काढली आणि आम्हाला आणखी दोन ब्रुअऱ्यांत नेलं. "नुसती माझीच पिऊन चांगली म्हणू नको. दुसऱ्यांची पण बघ." पहिल्या ठिकाणी वेटरनं न विचारता बिअर ह्यांच्यापुढे ठेवली आणि लिंबूपाणी माझ्यापुढे. मी दोन्ही ग्लास उचलले आणि अदलाबदल केली. वेटर बघत राहिला. हे शांतपणे लिंबूपाणी पीत बसले. शेजारच्या टेबलावरची पोरंपोरी माझ्या नऊवारीकडे बघून हसत होती, पण त्यातलीच एक मुलगी उठून आली आणि म्हणाली, "काकू, इथली ती संत्र्याची घ्या, ती छान असते." घेतली. ठीक होती, जरा औषधासारखी. दुसऱ्या ठिकाणी एक अशी आंबट निघाली की मी तशीच ठेवली. लेकीनं विचारलं, कशी आहे, तर म्हटलं, "नासलीय." ती हसून म्हणाली, "मुद्दाम तशीच करतात." मी म्हटलं, मुद्दाम नासवलेलं पण नासलेलंच.

संध्याकाळी परत तिच्याकडं आलो. डोकं जरा हलकं होतं, पाय जागेवर होते. ज्वारीची पुन्हा घेतली. तेव्हा तो फोटो काढला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले दीर आले, बरोबर भावकीतले दोघं. थोरले दीर म्हणजे आमच्याकडचे पुढारी. लेक होती त्याच कारखान्याच्या संचालक मंडळावर होते, आताही त्यांच्या शब्दाशिवाय गावात काही हलत नाही. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी थेट बोललेले नाहीत. मला सांगायचं असलं की ह्यांना सांगतात, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"तिला म्हणावं, तो फोटो काढून टाक," ते ह्यांना म्हणाले.

मी चहाचा ट्रे ठेवला. "दादा, स्टेटस एका दिवसानं आपोआपच जातं."

"मग बरंच झालं," ते ह्यांच्याकडंच बघून म्हणाले.

"म्हणून मी आज सकाळी परत ठेवलंय."

माझं माहेर परळीचं. तिथं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर औष्णिक वीज केंद्राची राख बसायची. कपडे झटकायचे आणि घालायचे, रडत बसायचं नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक.

दीर ह्यांनाच सांगत राहिले. "सप्ताह तोंडावर आलाय. शेवटच्या पंगतीच्या पोळ्यांना तुझ्या घरच्या बाईनं बसू नये, असं ठरलंय."

"कुणी ठरिवलं?" ह्यांनी विचारलं.

"समद्यांनी."

"समद्यांत आमी येत न्हाई का?"

"तू मधी पडू नको. माळकरी माणसाच्या घरात ही थेरं शोभत न्हाईत. पोरीनं नाव घालवलं, आता मायनं पण."

तिथं मात्र मी गप्प बसले नाही. "दादा, माझ्याकडं बघून बोला. पोरगी डिस्टिलरीत होती तेव्हा तुम्ही बोर्डावर होतात. नव्या प्लँटचा नारळ तुमच्या हातानं फुटला. ओवाळायला ताट घेऊन मीच उभी होते. तिथं काय तूप निघत होतं?"

"ती इंडस्ट्री हाय."

"ही पण इंडस्ट्रीच हाय. फरक एवढाच, तिथं तिला तुम्ही चिकटवलं होतं. इथं ती स्वतःच्या हिमतीवर लागलीय."

ते उठले. चहा तसाच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला होता, आणि त्यात राग होता.

भावकीचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसरीचं. शेजारच्या गल्लीतली एक बाई, आडव्या बाटलीच्या वेळी माझ्याबरोबर उन्हात फिरलेली. तिचा नवरा दारूनंच गेला. दरसाल ऊसतोडीला जाते, त्या वेळी गावातच होती. दुपारी येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी पण?"

मी तिला सगळं सांगितलं. टाक्या, माल्ट, छोटे ग्लास. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमचं ठीक हाय. तुमी पेलात अन् घरी येऊन सैपाक केलात. आमच्यात पेलेला माणूस घरी आला की केलेला सैपाक उकिरड्यावर जायाचा."

तिचं दुःख खरं होतं आणि माझी लेकही खरी होती. मी म्हटलं, "ते दुकान पुन्हा उघडायला कुणी आलं तर मी पुन्हा तुझ्याबरोबर उभी राहीन. पण लेकीच्या कामापायी मान खाली घालणार नाही. तिनं कुणाचं घर मोडलेलं नाही."

"मला न्हाई पटत," ती म्हणाली. "पण तुमी खोटं बोलत न्हाईत, एवढं कळतंय." चहा पिऊन गेली. पटलं नाही तरी येणंजाणं तिनं थांबवलं नाही.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मी पोळपाट-लाटणं घेऊन मांडवात गेले. बोलावणं नव्हतंच. मागच्या बाजूला बायका पुरण भरत बसल्या होत्या. मी जागा करून बसले. दोघींनी आपले पोळपाट जरा लांब सरकवले. उठा असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, कारण त्यातल्या बहुतेकींच्या पोरांना पाढे मी शिकवले होते. थोरल्या दिरांची बायको, म्हणजे माझी जाऊ, तव्यावर होती. मग पोळी उलटता उलटता खालच्या आवाजात म्हणाली, "कडू असती म्हणं."

"एक कडू असते. एक केळासारखी लागते."

"केळासारखी?"

"वास केळाचा. वर जराशी लवंग."

"कायबी," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. मग पोळ्यांचा वेग वाढला.

त्या दिवशी काल्याच्या कीर्तनात महाराजांनी शिकलेल्या बायकांवर बरंच तोंडसुख घेतलं. मोबाइल, फोटो, शहर, सगळं आलं. नाव घेतलं नाही, पण माना माझ्याकडं वळल्या. मी पुढच्या रांगेत होते. मध्येच उठले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. मी आरतीपर्यंत बसले, प्रसाद घेतला आणि मगच घरी आले.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. केजकडचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं, त्यांनी निरोप पाठवला की मुलीनं ते काम सोडलं तर बघू. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आधीच कळलं." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी म्हटलं, तू रडत असलीस तर रड, पण काम सोडू नको. ती म्हणाली, सोडत नाही.

हुरड्याच्या दिवसांत ती आली. बरोबर त्या ब्रुअरीचे मालक होते. त्यांना ज्वारीचं रान बघायचं होतं. वावरात आगटी पेटवली, कणसं भाजली, लसणाची चटणी आणि दही ठेवलं. बोलावलं नसताना थोरले दीर आले. पुण्याचा पाहुणा मोठ्या गाडीतून आलाय हे त्यांना कळलं होतं. हुरडा खाता खाता त्यांनी पाहुण्याला बारीकसारीक विचारलं. टाकी केवढी, ज्वारी किती लागते, लायसन कोण देतं. आणि मग हात झटकत म्हणाले, "आपल्याकडं हायवेला माझी जागा हाय. बीडातच काढा की एखादी. लायसनचं मी बघतो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे कणीस चोळत राहिले.

मालक काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "मोठे काका, बीडात काढायची झाली तर मी काढीन. माझ्या नावावर. आणि जागा आईबाबांच्या वावरात बघीन."

दीर हसले. राजकारणातल्या माणसाला हसता येतं. "हुशार हाय पोरगी," ते पाहुण्याला म्हणाले. "आमच्या घरचीच हाय."

"आहे ना," मी म्हटलं. "दारू गाळती म्हणत होता तीच ही."

त्यावर त्यांनी हुरड्याची मूठ तोंडात टाकली. मी त्यांना हुरडा वाढला, दही वाढलं, पोटभर खाऊ घातलं. जाताना पाहुण्याला त्यांनी आपला नंबर दिला. लेकीनं आगटीत नवी कणसं टाकली, आणि ब्रुअरीचे मालक तिलाच विचारू लागले की ह्या ज्वारीची कणसं अशी का वाकलेली असतात.